मरताना दिलेली माफी

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका पोरीला मोतीझरा झाला. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुम्ही यातून उठलात, काय काय केलंत ते सांगा. मी तिला पथ्य सांगितलं, अंग कसं पुसायचं ते सांगितलं, कूस किती वेळाने बदलायची तेही सांगितलं. ती समाधानाने गेली. ती गेल्यावर मला वाटलं, निम्मंच सांगितलं. उरलेलं निम्मं तोंडाने सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

लिहिण्याची मला सवय नाही. आम्ही रनाळ्याचे मारवाडी, किराण्याचं दुकान. घरात मारवाडी बोलतो, दाराबाहेर अहिराणी, आणि मराठी माझ्यापाशी शाळेत चार वर्षांत जेवढी साचली तेवढीच. आमचे हे म्हणतात, सगळ्यांची बोलणी मराठीत लिहिलीस तर ती खरी कशी वाटणार? मी म्हटलं, खरं वाटायला नको, कळलं तरी पुरे.

मुदतीचा ताप

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मार्गशीर्षाचे दिवस होते. आधी आठवडाभर नुसतं डोकं दुखायचं आणि चुलीपुढे बसलं की घेरी यायची. मोठ्या जाऊबाई, आम्ही जेठाणीजी म्हणतो, त्या चिडवायच्या की पापड लाटायचे दिवस आले की छोटीचं डोकं बरोबर दुखतं. मीही हसायचे. मग एका सकाळी पाण्याची घागर उचलली आणि तिच्यासकट खाली बसले.

आठव्या दिवशी नंदुरबारहून डॉक्टर आले. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, गळ्यावरचे मोत्यांसारखे बारीक दाणे पाहिले. बाहेर जाऊन आमच्या यांना म्हणाले, "मुदतीचा ताप आहे. तीन आठवडे तरी जातील, जास्तही जातील. याला औषध नाही. सांभाळणं हेच औषध."

भिंतीपलीकडून मला ते सगळं ऐकू आलं. औषध नाही तर हे गृहस्थ एवढे लांब कशाला आले, असा एक विचार मनात आला आणि मग भीती आली. माझा मुलगा मिश्री तेव्हा तीन वर्षांचा होता. माझ्या मरणाची भीती नव्हती असं नाही, पण ती मिश्रीच्या तोंडानेच यायची. त्याला कोण न्हाऊ घालेल, त्याला भात गिळताना ठसका लागतो हे कोणाला माहीत आहे, असल्या भीती.

घरातली माणसं

घरात आम्ही चारच मोठी माणसं होतो. मोठे दीर आणि आमचे हे दुकानात. घरात मी आणि जेठाणीजी. सासू-सासरे कधीच गेले होते. जेठाणीजी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. त्यांना मूल झालं नाही. त्यावरून त्यांना गावाने काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. माझी पहिली मुलगी चंदा झाली तेव्हा त्यांनी तिला असं उचललं की दूध पाजण्यापुरती ती माझ्याकडे यायची. चंदा त्यांना बडीमा म्हणायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं, एक जीव सांभाळायला दोन जणी.

चंदा पाच वर्षांची होऊन गेली. मिश्रीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी. मी बाळंतिणीच्या खोलीत होते, बाहेर यायची मुभा नव्हती. मला सांगितलं, हगवण लागली, पाणीसुद्धा पोटात ठरलं नाही. मी ते मानलं. पोरं तशी जातच होती. तीन वर्षं मी ते मानून चालले होते.

ज्या दिवशी तिची तब्येत बिघडली तो संवत्सरीचा दिवस होता. संवत्सरी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भाद्रपदात आमचं पर्युषण येतं, त्याचा शेवटचा दिवस संवत्सरी. त्या दिवशी उपवास, बरेच जण पाण्याशिवाय करतात. संध्याकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभरातल्या चुका आठवून त्यांतून मागे फिरणं. आणि मग ज्याच्या त्याच्यापुढे हात जोडून म्हणायचं, 'मिच्छामि दुक्कडं', माझ्याकडून झालेलं वाईट मिथ्या होवो. याला आम्ही खमावणं म्हणतो. माफी मागणं आणि देणं, दोन्हीला आमच्यात हा एकच शब्द आहे.

आता आमची खोड सांगते. आम्ही सगळ्यांना खमावतो. गिऱ्हाइकाला, भाडेकरूला, परगावच्या व्याह्यांना कार्ड टाकून. ज्याच्याशी काही बिनसलेलंच नाही त्याच्यापुढे दोन मिनिटं हात जोडून उभे राहतो. ज्याच्याशी खरंच बिनसलेलं असतं त्याच्यापुढे तेच दोन शब्द जरा भरभर म्हणतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. शब्द तर म्हटले, कोणी बोट ठेवू शकत नाही. चंदा गेल्यानंतरच्या तीन संवत्सरींना जेठाणीजी माझ्यापुढे हात जोडून ते शब्द म्हणाल्या होत्या. तिन्ही वेळा भरभर.

खाटेवरचे दिवस

माझी खाट मागच्या खोलीत खिडकीखाली टाकली होती. मोतीझऱ्याचं माणूस घरात असलं की आमच्यात फोडणी बंद. तेलाचा, हिंगाचा वास रोग्याला बाधतो म्हणतात. बाधतो की नाही मला ठाऊक नाही, पण महिनाभर घरातले सगळे उकडलेलं खात होते आणि माझ्याकडे जरा रागाने पाहत होते.

सकाळी जेठाणीजी अंग पुसायच्या. मग ताकाची निवळ, मग बार्लीचं पाणी, चमच्याने. मग कूस बदलायची. मग भांडं. मग पुन्हा कपाळावर गार पाण्याची घडी. दुपारी तेच, दिवेलागणीला तेच. एवढं माझ्या आईनेही केलं नसतं. भांडं उचलताना त्यांच्या चेहऱ्यावर एक आठी कधी दिसली नाही. मला शरम वाटायची. आजारी माणसाला सर्वांत जास्त काय होतं तर शरम वाटते, हे डॉक्टर सांगत नाहीत.

मिश्रीला जवळ येऊ देत नव्हते. रोज एकदा त्याला दारात उभं करायचे. पहिले काही दिवस तो रडला. मग रडेनासा झाला, नुसता पाहायचा आणि खेळायला जायचा. त्याचं रडणं थांबलं त्या दिवशी मी फार रडले.

पोटात काही नाही, डोळ्यांपुढे आढं हलतंय, आणि कानात सतत गिरणीसारखी घरघर. या दिवसांत एकच गोष्ट चांगली वाटायची. आमच्याकडे भांडी घासायला आणि अंगणाचं काम करायला कमळामाय यायची. माझी दोन्ही बाळंतपणं तिनेच केली होती. ती खिडकीबाहेर बसून भांडी घासताना गावातली सगळी भांडणं मला ऐकवायची. मला अर्धं कळायचं नाही, पण जग चालू आहे एवढं कळायचं.

सागारी संथारा

बावीस दिवस झाले, मुदत संपली, ताप उतरला नाही. चोविसाव्या दिवशी शौचावाटे रक्त गेलं. डॉक्टर पुन्हा आले आणि या वेळी ते भिंतीपलीकडे फार हळू बोलले. मला ऐकू आलं नाही, पण आमचे हे आत आले तेव्हा त्यांनी टोपी हातात धरली होती. ते टोपी फक्त जेवताना आणि मयतीला काढतात.

त्या वेळी गावात महासतीजी उतरल्या होत्या. वयस्कर साध्वी, मारवाडातल्या, बोलायला रोखठोक. गुडघा धरल्याने त्यांचा विहार, म्हणजे गावोगाव पायी जाणं, थांबला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बोलावलं. त्या खाटेजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुंदर, तुझी तयारी असेल तर सागारी संथारा देते."

संथारा म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाला सामोरं जाणं. सागारी म्हणजे त्यात एक सवलत. या दुखण्यातून उठलीस तर व्रत सुटलं, नाही उठलीस तर ते शेवटपर्यंत. मी मान हलवली. मला खरोखर कशाचीच इच्छा उरली नव्हती, त्यामुळे सोडायला फारसं काही नव्हतं.

व्रत घेण्याआधी सगळ्यांशी खमतखामणा, म्हणजे एकमेकांना खमावणं, करायचा असतो. घरातले एकेक आले. मोठे दीर दारातूनच हात जोडून गेले. आमच्यात जेठ धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाहीत, मरतानाही नाही. आमचे हे आले आणि म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी एकदा ताट सरकवलं होतं." एवढंच त्यांना आठवलं. मला त्या स्थितीतही हसू आलं. मी म्हटलं, खमावलं.

मग जेठाणीजी आल्या. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांनी हात जोडले नाहीत. खाटेच्या कडेला जमिनीवर बसल्या आणि बोलल्या.

"छोटी, मी तुला खोटं सांगितलं. चंदाला त्या दिवशी मी पाणी दिलंच नव्हतं."

खाली पाहतच त्या पुढे बोलत गेल्या.

"सकाळी तिने हात जोडले. म्हणाली, बडीमा, मलाही उपवास दे. मी दिला. तिचं पोट दोन दिवस बिघडलेलं होतं, मला माहीत होतं. स्थानकात मी तिला घेऊन गेले. सगळ्या बायका म्हणायला लागल्या, एवढीशी पोर, पाण्याशिवाय उपवास. कोणाची म्हणाल्या की मी म्हणायची, आमची. दुपारी तिने पाणी मागितलं. मी म्हटलं, थोडं थांब. पुन्हा मागितलं. मी मांडीवर घेऊन थोपटलं. आणखी दोनदा मागितलं. मग मागायची थांबली. मला वाटलं, पोर शहाणी झाली."

"दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"सकाळी चमच्याने पाणी घातलं. ओठांतून बाहेर आलं. तुला तू ओली बाळंतीण म्हणून सांगितलं नाही. पुढे सांगायची हिंमत झाली नाही."

साध्वींपैकी कोणीही असल्या पोरीला उपवास दिला नसता. एरवी महासतीजी आजारी बाईलाही उपवास देत नाहीत. तो जेठाणीजींनी स्वतःच दिला होता, 'आमची' म्हणता यावं म्हणून.

मी म्हटलं, "खमावलं."

ते म्हणायला मला काहीच कष्ट पडले नाहीत, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. मी मरणार होते. दोन दिवसांनी मला ना जेठाणीजी दिसणार होत्या, ना त्यांचे हात, ना स्वयंपाकघरातला पाण्याचा माठ. उलट मला स्वतःविषयी बरं वाटलं. केवढं मोठं मन आहे माझं, असं वाटलं. जेठाणीजींनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडल्या. मग महासतीजींना आत बोलावलं आणि मी संथारा घेतला.

उठणं

तिसऱ्या दिवशी घाम आला. असा की खाटेची दोरी भिजली. डॉक्टर येऊन पाहून गेले, म्हणाले, उतरला. महासतीजींनी व्रत सोडवलं. जेठाणीजींनी मुगाचं पाणी आणलं आणि चमचा माझ्या तोंडाशी धरला.

मी तोंड फिरवलं.

सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा. मलाही आधी तसंच वाटलं. मग दुसऱ्या दिवशीही तेच झालं आणि मला कळलं की हा राग आहे. मरताना मला राग आला नव्हता, कारण रागावायलाही थोडं बळ लागतं. आमच्या यांच्या हातून पोटात दोन चमचे मुगाचं पाणी गेलं, अंगात जीव आला, आणि पहिली गोष्ट जी परत आली ती ही. भूक नंतर आली.

उठलेल्या माणसाची अवस्था ताप असतानापेक्षा वाईट असते, हे मी गल्लीतल्या त्या बाईला सांगायला हवं होतं. डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळाले. नावाची सुंदर, आणि आरशात पाहिलं तर सोललेला नारळ. पाय भांड्यापर्यंत न्यायचे नाहीत. बसायचं तर कोणीतरी पाठीला हात द्यावा लागे, आणि घरात हात देणारं दिवसभर एकच माणूस होतं. त्याच हातांनी मला एक महिना धुतलं पुसलं होतं. त्याच हातांनी माझ्या मुलीला थोपटलं होतं. मी ते अंगाला लागू द्यायचे, पण त्या हातांतलं पाणी घेत नव्हते.

आमचे हे दुपारी जेवायला यायचे तेव्हा मी त्यांच्या हातून पाणी प्यायचे आणि मग दिवेलागणीला. मधल्या वेळात तहानलेली पडून राहायचे. माठ भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात होता, पण तिथवर जाता येत नव्हतं. जीभ टाळूला चिकटायची. तेव्हा मी हिशोब करायचे की चंदाने पहिल्यांदा मागितलं तेव्हा ऊन कुठे असेल, चौथ्यांदा मागितलं तेव्हा कुठे असेल. हे कोणी माझ्यावर लादलं नव्हतं, मीच करून घेत होते.

चारपाच दिवस असं चाललं. मग कमळामाय खिडकीतून म्हणाली, "बाई, तुन्ही जेठानी वट्टावर बसीसन रडी ऱ्हायनी. तिन्हा हातना पानी तू का बरं पेस नही?"

मी म्हटलं, "तोंडले चव नही."

"मंग मालकना हातना पानीले चव येस का?"

मी भिंतीकडे तोंड केलं. तिने राखेने तपेली घासायला घेतली. तिला चंदाविषयी किती माहीत होतं, ते मी तिला कधी विचारलं नाही.

महासतीजींचं उत्तर

महासतीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला आमच्याकडे आल्या. जेठाणीजी स्वयंपाकघरात फुलके वाढत होत्या. महासतीजी माझी चौकशी करायला खोलीच्या उंबऱ्याशी थांबल्या. मी विचारलं, "महाराजसा, संथारा सागारी होता. मी उठले, म्हणून अन्नाचं व्रत सुटलं. मग जे खमावलं होतं तेही सुटलं का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना न कळण्यासारखं काही नव्हतं.

"सवलत अन्नाला असते," त्या म्हणाल्या. "खमावण्याला कसली सवलत?"

"मी मरणार म्हणून बोलले होते. आत काहीच नव्हतं."

"मग ते खमावणंच नव्हतं. तिला तसं सांग. ती ते खरं धरून बसली आहे."

"आणि मग?"

"मग ती पुन्हा मागेल. तुला देता येतं का, तू पुन्हा बघ."

"नाहीच आलं तर?"

"तर नाही आलं असं सांग. नाही म्हटल्याने नातं तुटत नाही, तोंडदेखलं हो म्हटल्याने तुटतं." एवढं बोलून त्या पात्रं सांभाळत निघून गेल्या. मला त्यांचा राग आला. मला वाटलं होतं, त्या एकतर मला सोडवतील नाहीतर दटावतील.

त्याच दुपारी मी भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले. ती माझी पहिली चाल. जेठाणीजी गहू निवडत होत्या. मला पाहून धरायला उठल्या. मी म्हटलं, बसा.

"मी तुम्हाला खमावलं नव्हतं. नुसतं म्हटलं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पाणी घेत नव्हतीस ना."

सुपातले खडे त्या बाजूला काढत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "संवत्सरीला विचारीन. दरसाल विचारीन. तोंडाने हो म्हणू नकोस. असेल तेव्हाच म्हण."

त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केलं. मी घेतलं. फार तहान लागली होती म्हणून घेतलं, दुसरं काही नाही.

नाही

त्या संध्याकाळी जेठाणीजींनी दोघा भावांनाही सगळं सांगितलं. मी त्यांना तसं सांगायला लावलं नव्हतं. मोठ्या दिरांनी त्यांच्याशी होळीपर्यंत बोलणं टाकलं. आमचे हे म्हणाले, वेगळं होऊ, दुसरी चूल मांडू. दोन महिने घरात तोच विषय. मीच नको म्हटलं. त्यांना वाटलं, माझं मन मोठं. तसं नव्हतं. वेगळी झाले असते तर मला दरसाल विचारायला कोण आलं असतं?

पुढच्या संवत्सरीला दुपारी त्या आल्या. उपवासाने तोंड सुकलेलं. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "छोटी, हो का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली आणि स्थानकात गेल्या. संध्याकाळी सगळ्या बायका एकमेकींपुढे हात जोडत होत्या तेव्हा आम्ही दोघी एकमेकींसमोर आलो आणि तशाच पुढे गेलो. लोकांनी पाहिलं. बोललेही असतील.

दुसऱ्या वर्षीही नाही. तेव्हा मला ते म्हणायला आवडलं होतं. आदल्या दिवसापासून मी त्याची वाट पाहत होते. मी नाही म्हणणार आणि त्यांचा चेहरा उतरणार. तिसऱ्या वर्षी म्हटलं, "माहीत नाही." त्या म्हणाल्या, "एवढं तरी." चौथ्या वर्षी पुन्हा नाही, का ते मला आता आठवत नाही.

एरवी आमचं घर चालत होतं. पापड लाटले, लोणची घातली, मिश्रीच्या गोवरात दोघी आळीपाळीने बसलो. माणसं असंही राहू शकतात, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

पाचवं वर्ष

पाचव्या वर्षी मिश्री आठ वर्षांचा होता. संवत्सरीच्या सकाळी तो माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, मीपण उपवास करणार, पाण्याशिवाय. मी नाही म्हटलं. तो हट्टाला पेटला. मी म्हटलं, बरं, जमेल तितका वेळ. मी त्याला स्थानकात घेऊन गेले. बायका म्हणाल्या, अगबाई, एवढासा पोरगा. एकीने विचारलं, कोणाचा?

"माझा," मी म्हटलं.

तो शब्द उच्चारताना छातीत जे फुललं ते मी विसरू शकत नाही. सूर्य माथ्यावर आला, मिश्री माझ्या पदराशी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, मा, पाणी. आणि मी म्हटलं, "थोडं थांब."

मी ते म्हटलं. चंदाची आई असून म्हटलं. बायका अजून त्याच्याकडे पाहत होत्या आणि मला आणखी थोडा वेळ त्यांनी पाहायला हवं होतं.

डोळे वर केले तर समोर जेठाणीजी. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी मिश्रीचं मनगट धरलं, सगळ्या बायकांमधून त्याला जवळजवळ ओढत घरी आणलं आणि माठातलं पाणी पाजलं. तो दोन पेले प्याला आणि त्याने विचारलं, उपवास मोडला का? मी म्हटलं, मोडला. तो खेळायला पळाला.

मी चुलीपाशी बसले. पाच वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की मी असते तर पहिल्या हाकेला पाणी दिलं असतं. आणि मी होते, आणि पहिल्या हाकेला दिलं नव्हतं. फरक एवढाच की माझ्यासमोर कोणीतरी बसलं होतं, आणि त्यांच्यासमोर त्या दिवशी कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने त्या आल्या. या वेळी त्यांनी काही विचारलंही नाही, दाराशी उभ्या राहिल्या. मीच म्हटलं, "हो."

त्या खाली बसल्या.

"आणि मलाही खमावा," मी हात जोडले. "मधे मला नाही म्हणायची गोडी लागली होती."

"ते दिसायचं मला," त्या म्हणाल्या, आणि जरा हसल्या. चंदा गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. आठ वर्षांचं ओझं आज उतरलं. मी त्यांचा हात हातात घेतला.

त्यांनी तो सोडवून घेतला नाही. पण त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"तू दिलंस ते मी घेतलं, छोटी," त्या म्हणाल्या. "पण पाणी तिने मागितलं होतं, तू नव्हे."

प्रतिक्रमणाची वेळ होईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले.